पाय शेवटी

न्हाणीघरात शॉवरखाली अजून ती बादली आहे.
निळी. कडी एका बाजूने निखळलेली,
तिथे मोगामतने तार पिळून दिलीय.
सून विचारते, हिच्यात काय साठवता?
मी सांगते, गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी.

लुबाबा प्रिटोरियाची. केपटाऊनचं ते वर्ष
तिने फक्त बातम्यांत पाहिलेलं.
माणशी पन्नास लिटर.
डोंगराखालच्या झऱ्यावर मध्यरात्री कॅन घेऊन रांगा,
आणि रेडिओवर रोज सकाळी
बाजारभाव सांगावेत तशी
धरणांची टक्केवारी.
पैसा पाण्यासारखा गेला, असं म्हणतात लोक.
आम्ही पाणी पैशासारखं घालवलं,
मोजून,
हातातली नोट दोनदा उलटसुलट बघून.

तांदळाचं धुवण लिंबाच्या झाडाला.
कपड्यांचं पाणी खिडकीतून नळीने पिंपात,
पिंपातलं संडासात.
मोगामत पेलाभर पाण्यात वजू करू लागला,
आणि त्या पेल्यालाही तळाशी थोडं उरवू लागला.
इगशान तेव्हा सतरा वर्षांचा.
मी दाराबाहेर घड्याळ घेऊन:
दोन मिनिटं झाली!
आतून: केसांत साबण आहे!
मग साबणासकट बाहेर ये.

शाळेच्या ऑफिसात आम्ही बायका
आपापल्या युक्त्या सांगायचो,
नवा दागिना दाखवावा तशा.
कुणी पास्त्याचं पाणी सूपात घातलेलं,
कुणी आठवड्यातून एकदाच केस धुतलेले.
मी म्हटलं, मी तर आता टोपात पाणी घेऊनच आंघोळ करते,
पण पाय धुतले की पाणी गढूळ, तोंडाला लावता येत नाही.

नोसिफिवो कप विसळत होती.
खायेलित्शाची. तिच्या गल्लीत
बावीस घरांना एक नळ,
दुष्काळाच्या आधीपासून.
ती हसली नाही. रागावलीही नाही.
म्हणाली, मॅडम, तुमचं तिथेच चुकतं.
आधी तोंड. मग मान, मग काखा,
मग बाकीचं.
पाय शेवटी.
अडीच लिटरात होतं. थंडीत दोनात.

कप पालथे घालून ती गेली.
आम्ही थोडा वेळ
कुणीच काही बोललो नाही.
मग कुणीतरी सुट्टीचा विषय काढला.

त्या रात्री केलं तसं. खरंच,
घोट्यांपर्यंत येईतो पाणी स्वच्छच होतं.

पुढे हिवाळ्यात धरणं भरली.
शेजारच्या मिसेस जेफ्थांनी गाडी धुतली,
पाईप लावून, गाणं म्हणत, दोनदा.
मला त्यांचा राग नाही आला, खोटं कशाला बोलू,
मीही त्या रविवारी
टबात गळ्यापर्यंत बसले होते.
दहा मिनिटं. मग कससंच व्हायला लागलं,
जेवणाचं ताट अर्धं टाकून उठल्यासारखं.
दुसऱ्या दिवशी बादली परत आत आली.

नोसिफिवोच्या गल्लीत मी एकदाच गेले,
तिच्या मुलीची फाइल द्यायला.
नळाखाली एक वीट होती, बादली टेकवायला,
वरून घासून घासून मधोमध खोलगट झालेली.
मी विटेकडे बघत राहिले, तिने मला बघताना पाहिलं.
चहा मात्र पूर्ण कप भरून दिला.

परवा लुबाबाला सगळं शिकवलं.
बादली कुठे ठेवायची, टोप कुठला,
आधी तोंड, पाय शेवटी.
तिने भुवया उंचावल्या.
ही तुमची पद्धत?
मी म्हटलं, हो, आमच्या घरची.

आज सकाळी लिंबाला पाणी घालत होते.
भिंतीपलीकडे बादली भरत होती,
भरता भरता आवाज बारीक होत जातो,
मग नळ बंद झाल्याचा चट्ट आवाज.
तांब्या हातात तसाच घेऊन आत गेले,
दार वाजवलं.
दोन मिनिटं झाली का? ती आतून, घाईघाईने.
नाही गं, सावकाश होऊ दे.
तुला एक नाव सांगायचं राहिलं.